लेकीचा खांदा

आज ४ आठवड्यांनी लेकीच्या गळ्यातली हाताची झोळी निघाली. कबड्डी खेळताना १६ वर्षांच्या या मुलीचा उजवा खांदा वर्षभरात तीनदा निखळला आणि खांद्याच्या खोबणीच्या कडेची फाटलेली कूर्चा, जिला डॉक्टर लॅब्रम म्हणतात, ती दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने पुन्हा हाडाला बसवावी लागली. इतक्या लहान वयात खांदा एकदा निखळला की पुन्हा निखळण्याची शक्यता बरीच मोठी असते, हे पहिल्याच वेळी कोणी नीट समजावले असते, तर ‘मालिश करा, बसेल’ या सल्ल्यावर आम्ही दोन महिने घालवले नसते. अर्थात, विचारायचे आम्हालाही सुचले नाही.

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी तिला डावा हात टेबलावर टेकवून पुढे वाकायला आणि उजवा हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल सोडायला सांगितले. चढाईत सात जणींच्या अंगावर बेधडक जाणारी ही मुलगी स्वतःच्याच हाताला घाबरून डोळे मिटून उभी होती, आणि दंड इतका बारीक झाला होता की टीशर्टची बाही नुसतीच लोंबत होती. वेणी अजून मीच घालते; ती वाकडी येते, ही तिची रोजची तक्रार.

सामने खेळायला अजून किमान ५ महिने आहेत. घरी येताना तिने रिक्षा मुद्दाम दादोजी कोंडदेव क्रीडागृहावरून न्यायला लावली. फाटकाशी दोन मिनिटे थांबलो. मीटर चालूच होता.