सातशे युरो, लाल विटांचं घर आणि आमच्या प्रतिभाताई

इथे जर्मनीत, हॅनोव्हरला, मुलीच्या शाळेतून चांदीचा करंडा परत आला. सोबत बाईंचं अर्ध्या पानाचं पत्र, आणि पत्र इतकं गोड की चिडायचीही पंचाईत.

झालं असं की आई आली होती जळगावहून, आणि आमच्याकडची आई रिकाम्या हाताने कुठे जाते का, सराफ बाजारातून तिने नातीच्या वर्गशिक्षिकेसाठी छोटा करंडा आणलेला, सोबत केळ्याचे वेफर्स, शेव, सगळं. बाईंनी वेफर्स आणि शेव स्टाफरूममध्ये सगळ्यांसाठी उघडून ठेवले (संपले म्हणे मधल्या सुट्टीतच) आणि करंडा बबल रॅपमध्ये नीट गुंडाळून, आईच्या नावाचं पत्र लावून, मुलीच्या दप्तरातून परत. पत्रात होतं की आजींच्या प्रेमाबद्दल मनापासून आभार, पण मी सरकारी नोकर आहे, मला हे घेता येत नाही, आणि मी मुख्याध्यापकांना तसं कळवलंय. मुख्याध्यापकांना कळवलंय! म्हणजे आमच्या करंड्याची फाइल झाली.

आई म्हणे, "मंग काय लाच समजली का रे भाऊ ती मास्तरीन? मी काय नातीला पास करा म्हटलं का?"

आता हिला काय सांगणार. बर्लिनमध्ये काही वर्षांपूर्वी एका शिक्षिकेला पालकांनी वर्ग सुटताना मिळून एक शोभेची मूर्ती दिली, किंमत १९८ युरो, आणि कुणा एका बापाने तक्रार केली तर त्या बाईंना चार हजार युरो भरावे लागले. तिकडे तेव्हा मर्यादा दहा युरोची होती. आईला हे सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली की तो बाप चांगल्या घरचा नसणार.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, आयुष्यभर टॅक्स ऑफिसात नोकरी केलेल्या, पाठ अजून सरळ. जिन्यात भेटल्या तेव्हा मी तक्रारीच्या सुरात करंड्याचं सांगितलं, मला वाटलं हसतील, थोडं सहानुभूतीने बोलतील. त्या म्हणाल्या, "बरोबर केलं तिने. आम्ही राष्ट्राध्यक्ष घालवला अशाने, शिक्षिकेचं काय घेऊन बसलात." आणि वर अभिमानाने बोट खिडकीबाहेर दाखवून म्हणाल्या, इथलाच होता, शेजारचाच.

हॅनोव्हरला राहणाऱ्याला ही गोष्ट कधी ना कधी ऐकावीच लागते. ख्रिस्टियान वुल्फ, आधी आमच्या या राज्याचे मुख्यमंत्री, मग २०१० च्या जूनमध्ये जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष. इथला राष्ट्राध्यक्ष म्हणजे आपल्या राष्ट्रपतींसारखाच, सह्या करायच्या, भाषणं करायची, पाहुण्यांसोबत उभं राहायचं, कारभार सगळा चान्सेलरकडे. तर या गृहस्थांनी मुख्यमंत्री असताना, २००८ मध्ये, हॅनोव्हरच्या बाहेर ग्रोसबुर्गवेडेलला घर घ्यायला पाच लाख युरो कर्ज घेतलं, बँकेतून नाही, एका उद्योजक मित्राच्या बायकोकडून, चार टक्के व्याजाने. पुढे विधानसभेत प्रश्न आला की अमुक उद्योजकाशी तुमचे काही व्यवहार आहेत का, तर यांनी उत्तर दिलं, 'नाहीत'. तांत्रिकदृष्ट्या खरं, कारण पैसे बायकोचे! २०११ च्या डिसेंबरमध्ये 'बिल्ड' पेपरने हे काढलं, आणि बातमी येण्याआधी या माणसाने काय करावं, तर संपादकाच्या मोबाइलवर फोन करून रागारागात व्हॉइसमेल ठेवला. म्हणजे पुरावा स्वतःच रेकॉर्ड करून दिला. आपल्याकडचा जिल्हा परिषदेचा मेंबरसुद्धा असं करणार नाही, तो पीएला फोन करायला लावेल.

मग एकेक बाहेर यायला लागलं. कुणा सिनेमा निर्मात्याने म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टच्या, म्हणजे बिअरच्या जत्रेच्या, वेळचं हॉटेलचं बिल थोडं उचललेलं. कुणाच्या बंगल्यात सुट्टी घालवलेली. एका गाड्यांच्या डीलरने पोरासाठी बॉबी कार दिलेली, ती पायाने ढकलायची प्लास्टिकची गाडी असते ना, तीसुद्धा पेपरात आली. १६ फेब्रुवारी २०१२ ला हॅनोव्हरच्या सरकारी वकिलांनी संसदेकडे मागणी केली की यांचं खटल्यापासूनचं संरक्षण काढा, आम्हाला चौकशी करायचीय, दुसऱ्या दिवशी राजीनामा. निरोपाच्या लष्करी समारंभात बँड वाजत होता आणि बाहेर लोक व्हुव्हुझेला नावाचे भोंगे वाजवत होते.

आणि ते घर मी पाहिलंय हो. म्हणजे मुद्दाम नाही, त्या भागात जाणं झालं तेव्हा ऑफिसमधल्या एकाने दाखवलं. लाल विटांचं, आजूबाजूच्या घरांसारखंच, आपल्याकडे रिंग रोडला एखाद्या डॉक्टरचा बंगला याच्या दुप्पट असतो. मी त्याला म्हटलं हे? यासाठी? तो म्हणाला हो ना, निदान चांगलं तरी घ्यायचं.

तर आजींना मी विचारलं, आणि हे मी खरंच विचारलं, वाद घालायला नाही, की ज्या माणसाच्या हातात काही अधिकारच नाही त्याला कुणी हॉटेलचं बिल देऊन मिळणार काय? ना तो टेंडर काढतो ना लायसन्स देतो. आजी जिन्यातच थांबल्या, पिशवी खाली ठेवली. म्हणाल्या, पंतप्रधान चुकला तर त्याच्याकडे निदान काम दाखवायला असतं, रस्ता केला, कर कमी केला. राष्ट्राध्यक्षाकडे नावाशिवाय काय आहे? मग विकायला काढलं तर तेच जाणार ना. पुढे त्यांनी स्वतःच्या ऑफिसची गोष्ट सांगितली, नाताळात टॅक्स सल्लागार लोक कॅलेंडरं आणि वाइनच्या बाटल्या पाठवायचे, त्या सगळ्या एका कपाटात जमा व्हायच्या आणि मग सगळ्या स्टाफमध्ये विकतच्या चिठ्ठ्या टाकून वाटायच्या, शिपायापासून साहेबापर्यंत, पैसे अनाथाश्रमाला. त्यांना एकदाही बाटली लागली नाही म्हणे, हे मात्र त्या जरा जास्तच वेळ सांगत होत्या.

नावाचं म्हणाल तर मला पटलं, कारण आपण खानदेशातले. फ्लेक्सवर कुणाशेजारी उभं राहून फोटो आहे यावर आपल्याकडे पतसंस्थेत कर्ज लवकर मिळतं, लग्नाच्या पत्रिकेत 'प्रमुख उपस्थिती'खाली कुणाचं नाव आहे यावर व्याही सुतासारखा सरळ येतो. तो मोठा माणूस लग्नाला आला नाही तरी चालतं.

पण मग साहजिकच मनात आलं ते आपलं घर. प्रतिभाताई पाटील. नाडगावच्या, बोदवडजवळच्या. एम. जे. कॉलेजच्या, टेबल टेनिस खेळणाऱ्या, १९६२ मध्ये सत्ताविशीत जळगावच्या आमदार, पुढे एदलाबादमधून, आताचं मुक्ताईनगर, १९८५ पर्यंत. २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या तेव्हा जळगावात ज्याने फटाके फोडले नाहीत असा माणूस मला दाखवा. युतीत असून शिवसेनेनेसुद्धा मराठी म्हणून मत दिलं. आणि त्याच वेळी दिल्लीचे इंग्रजी चॅनलवाले काय करत होते, तर आमच्या जिल्ह्यातल्या ताईंच्या संस्था उकरत होते. प्रतिभा महिला सहकारी बँक, जिचं लायसन्स रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये रद्द केलं होतं, संत मुक्ताबाई साखर कारखान्याचं थकलेलं कर्ज. विरोधकांनी आरोप केले, काँग्रेसने फेटाळले, निवडणूक जिंकली. आम्हाला तेव्हा राग आलेला आणि खरं सांगू तर अजूनही येतो, कारण ते बोलणारे लोक असं बोलत की जणू साखर कारखाना आणि बँक काढणं हाच गुन्हा. अहो आमच्याकडे राजकारण म्हणजेच संस्था. आमदार झाला की दूध संघ, सूतगिरणी, शिक्षण संस्था, बँक, नाही काढली तर लोकच विचारतात की भाऊ तुम्ही केलं काय? संस्था आली की चेअरमन आला, चेअरमन आला की भाचा क्लार्क झाला. हे चूक आहे बरोबर आहे तो वेगळा विषय, पण बर्लिनच्या मापाने बोदवड मोजायचं नाही.

असं मी म्हणतो, आणि मग २०१२ आठवतं. इकडे वुल्फ फेब्रुवारीत गेले, तिकडे एप्रिलमध्ये पुण्याला खडकी कॅन्टोन्मेंटमध्ये लष्कराच्या जागेवर ताईंसाठी निवृत्तीनंतरचं घर होतंय यावरून माजी सैनिकांनी आवाज उठवला, आणि ताईंनी ते घर नको म्हणून जाहीर केलं. वाद झाला, सोडलं, विषय संपला. मी आजींना हे सांगितलं, आमच्याकडेही सोडतात हो, म्हणून. त्यांनी विचारलं, जागा द्यायचं मुळात ठरवलं कुणी? मी म्हटलं सरकारने. त्या म्हणाल्या, आणि सरकारच्या कागदांवर सही कुणाची? तिथे मी विषय बदलला, करंडा दाखवू का म्हटलं.

कायदा काढून पाहिला मग, उत्सुकता म्हणून. जर्मन घटनेच्या ५५व्या कलमात स्पष्ट लिहिलंय, राष्ट्राध्यक्षाने दुसरं पगारी पद घ्यायचं नाही, धंदा करायचा नाही, व्यवसाय करायचा नाही, नफ्याच्या कुठल्या कंपनीच्या संचालक किंवा देखरेख मंडळावर बसायचं नाही. आपल्या ५९व्या कलमात याबाबत दुसरं लाभाचं पद नको एवढंच. वर आपलं ३६१वं कलम, पदावर असेपर्यंत राष्ट्रपतीवर फौजदारी कारवाई चालणारच नाही, म्हणजे हॅनोव्हरच्या वकिलांनी जे पत्र लिहिलं ते आपल्याकडे कुणी लिहूच शकत नाही, एकच वाट, महाभियोग, तोही घटनाभंगासाठी. आणि अर्ज भरताना? पन्नास सूचक, पन्नास अनुमोदक, पंधरा हजार डिपॉझिट. मालमत्तेचा तो फॉर्म २६ आमदार-खासदारकीवाल्यांसाठी. मला हे खटकतं, सरळ सांगतो. ज्याच्या गावात सहा संस्था त्याने त्या अर्जासोबत लिहून द्याव्यात ना, कुठल्या संस्थेत कोण नातेवाईक, कुणाचं किती कर्ज. लिहून दिलं असतं तर २००७ मध्ये त्या चॅनलवाल्यांना उकरायला काय उरलं असतं? आणि आम्हालाही प्रत्येक वेळी तोंड वाजवत बसायला लागलं नसतं.

पण म्हणून सगळं शहाणपण इकडेच आहे असं नका समजू. वुल्फसाहेबांचं पुढे काय झालं ते हे लोक जरा हळू आवाजात सांगतात. शेवटी खटला उभा राहिला तो फक्त त्या ऑक्टोबरफेस्टच्या बिलाचा, सातशे-साडेसातशे युरो! कर्जावर खटलाच नाही. वीस हजार भरा आणि मिटवा असं वकिलांनी सुचवलं, माणूस नाही म्हणाला, कोर्टात उभा राहिला आणि २७ फेब्रुवारी २०१४ ला निर्दोष सुटला. म्हणजे ज्याच्यासाठी पद गेलं ते कोर्टात टिकलंच नाही. आणि वीस महिनेसुद्धा धड पदावर नसलेल्या माणसाला वर्षाला १ लाख ९९ हजार युरो मानधन जन्मभर, तेव्हाच्या भावाने सव्वा कोटी रुपयांच्या वर. शिक्षिकेने करंडा घेतला तर फाइल, आणि हे काय?

त्याहून भारी म्हणजे श्रोडर. तेही हॅनोव्हरचेच! २००५ मध्ये चान्सेलर पदावरून उतरले, उतरायच्या जरा आधी रशियाच्या गॅस पाइपलाइनला पाठिंबा दिलेला, आणि उतरल्यावर काही आठवड्यांतच त्याच पाइपलाइनच्या कंपनीत पद. वर्षानुवर्षं कुणी त्यांचं सरकारी ऑफिस काढून घेतलं नाही, ते २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटल्यावर काढलं. म्हणजे सह्या करणाऱ्याला सातशे युरोसाठी घरी पाठवा आणि खरा कारभार करणाऱ्याला गॅसची पाइपलाइन. हे मी आजींना बोललो तेव्हा त्या पहिल्यांदाच गप्प बसल्या, मला फार बरं वाटलं.

आणि आपल्याकडे कलामसाहेब होते की! २००६ मध्ये रामेश्वरमहून नातेवाईक राष्ट्रपती भवनात राहायला आले तर खाण्या-राहण्याचे साडेतीन लाखांच्या आसपास रुपये स्वतःच्या खिशातून भरले, हे त्यांच्या सचिवांनीच नंतर सांगितलंय. कलम नव्हतं तसं कुठलं, तरी भरले. आता राष्ट्रपती भवनाने भेटवस्तूंचा ऑनलाइन लिलावही केला, ई-उपहार म्हणून, २०२४ मध्ये. आजींना ते फार आवडलं, कपाटातल्या चिठ्ठ्यांपेक्षा बरं म्हणाल्या, निदान पैसे देणाऱ्याला बाटली मिळते.

इथे पुढच्या वर्षी, २०२७ च्या सुरुवातीला, नवा राष्ट्राध्यक्ष निवडायचाय, श्टाइनमायरांची दुसरी टर्म संपतेय. यावेळी बाई हवी असं बरेच जण म्हणतायत कारण आजवर एकही झालेली नाही. एकही! मी ऑफिसच्या किचनमध्ये सहज म्हटलं की आमच्या जिल्ह्यातली बाई २००७ मध्येच झाली, आणि मोबाइलवर नकाशा काढून बोदवड दाखवलं. दोघांनी झूम करून पाहिलं, एकाने विचारलं तिथे काय पिकतं. केळी आणि कापूस सांगितलं. बँकेचं नाही काढलं मी, त्यांनीही नाही विचारलं.

करंडा आईने परत नेला नाही. म्हणे ठेव इथेच, मुलगी पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत जाईल, तिथली मास्तरीन कशी निघते बघू.