तुम्ही म्हणालासा म्हणून थांबलो

दारात चप्पल काढता काढताच विचारतात, "बाई, तुमच्याकडं पोरं नुसती खेळत्यातच व्हय? लिवायला कधी बसवणार?" काही जण मोबाइल पुढं करतात. त्यात भावकीतल्या साडेतीन वर्षांच्या मुलाची वही: ए ते झेड, एक ते पन्नास, रेषेबाहेर कणभर रंग न गेलेलं सफरचंद. आणि ज्यांना त्या मुलीची गोष्ट माहीत आहे, ते आवाज खाली घेऊन पुढचं विचारतात, "एवढं होऊनसुद्धा तुमचं तेच चालू आहे?"

कोल्हापुरात मंगळवार पेठेत बालवाडी सुरू करून मला बावीस वर्षं झाली. या दोन प्रश्नांना मी आजवर उंबऱ्यावर उभ्या उभ्या अर्धीमुर्धी उत्तरं देत आले. पहिल्याचं देताना आवाज चढतो, दुसऱ्याचं देताना मी विषय बदलते. आज दोन्ही लिहून काढते.

लिहायला बसवत नाही, हे खरं आहे. खडू, कोळसा, रंग सगळं हाताशी असतं. कुणाला गिरगटायचं तर अख्खी फरशी मोकळी आहे. पण चाररेघी वही देऊन रांगेत बसवत नाही. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मलेल्या बाळाच्या मनगटात ती कूर्चेचीच, म्हणजे मऊच असतात आणि मग वर्षांमागून वर्षं एकेक करून कडक होत जातात. तीन-साडेतीनच्या मुलात त्यातली निम्मीही झालेली नसतात. असल्या हातात पेन्सिल दिली की मूल ती मुठीत धरतं, खांद्यापासून जोर लावून रेघ ओढतं, आणि आपण म्हणतो, अक्षर किती वाईट! म्हणून माझ्याकडं मुलं शाडू मळतात, ओली फडकी पिळतात, चिमटीनं चिंचोके उचलतात, मटार सोलतात. त्या बोटांना नंतर ग म भ न काढायला सांगून बघा, एका अक्षराच्या वळणातून दुसरं कसं सहज निघतं.

'नुसती' या शब्दाचा मला राग येतो. चार वर्षांच्या मुलासमोर बुटक्या वाटीतलं पाणी उंच पेल्यात ओता, ते ठामपणे सांगेल की पेल्यात जास्त आहे. तुम्ही तेच पाणी ओतलंय, हे डोळ्यांनी बघूनसुद्धा. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी हे कधीच मांडून ठेवलंय. 'किती' म्हणजे काय हे ज्याला अजून उमगायचंय, त्याच्याकडून आपण शंभरपर्यंत आकडे म्हणवून घेतो आणि पाहुण्यांसमोर टाळ्या वाजवतो. माझ्याकडं ते मूल महिनोन्‌महिने पाणीच ओतत बसतं. मोरीपर्यंत ओल होते. होऊ दे.

आणि बोलतं. आपल्याकडं मुलगीसुद्धा 'मी आलो, मी जेवलो' म्हणते. मीही घरात तशीच बोलते, लिहिताना तेवढं 'बोलते' लिहिते. आधीच्या शाळेत मी पोरींना 'आले म्हण' म्हणून मधेच अडवायचे. तीनदा अडवलेली मुलगी चौथ्यांदा काही सांगायलाच येत नाही.

ही आधीची शाळा म्हणजे एक इंग्रजी माध्यमाची नर्सरी. तिथं चार वर्षं मी मुलांची बोटं माझ्या बोटांत धरून पानं भरून घेतली. एका मुलाच्या बोटावर पेन्सिलीचा वळ उठला होता. त्यानं तो मला दाखवला नाही, मूठ पालथी करून लपवला. मी नोकरी सोडली ती त्या वळामुळं. २००३ साली घरातली पुढची खोली रिकामी केली आणि मनाशी पक्कं केलं: मुलाला ढकलायचं नाही, थांबायचं.

हे पुण्या-मुंबईचं फॅड आहे, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते. गिजुभाई बधेकांनी भावनगरला बालमंदिर काढलं ते १९२० साली. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढं कोसबाडला, अनुताई वाघांच्या साथीनं, आदिवासी मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली. शिंपले, बिया, माती हेच तिथलं साहित्य. महागड्या शाळांच्या माहितीपत्रकात आज जे 'ॲक्टिव्हिटी बेस्ड' म्हणून छापतात ते गरिबांच्या अंगणात उभं राहिलेलं काम आहे. आणि आपल्या कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी सृजन आनंद विद्यालय सुरू केलं त्यालाही, १९८५ पासून धरलं तर, चाळीस वर्षं होऊन गेली.

पालकांची भीती मात्र मी खोटी म्हणणार नाही. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षं हा खेळातून शिकायचा टप्पा धरला. पण २००९चा शिक्षणहक्क कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो, त्याच्या अलीकडं ज्याला जे वाटेल ते चालतं. प्रवेशासाठी मुलांची परीक्षा घ्यायला त्याच कायद्यात बंदी आहे, तरी 'नुसत्या गप्पा' म्हणून बोलावतात आणि पुढ्यात कागद सरकवतात. माझ्याकडून गेलेली मुलं त्या कागदासमोर गप्प बसून परत आली आहेत. त्यांच्या आया माझ्यावर चिडल्या, त्या का चिडल्या ते मला कळतं.

आता ती मुलगी.

जून २०१६मध्ये आली तेव्हा पावणेतीन वर्षांची होती. वडील उद्यमनगरात लेथवर, आई घरी ब्लाउज शिवायची. मुलगी शांत, हाताची हुशार. इतरांनी चपला काढल्या की काढायची, इतर उठले की उठायची, गोल करून बसलो की नेमकी माझ्या समोर येऊन बसायची. समोरच का, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. बोलणं अगदी थोडं: 'दे', 'पपा', बाकी सगळं हातानं.

दट्ट्यांच्या पेटीपाशी ती तास तास बसायची. लाकडी ठोकळ्यात लहानमोठी भोकं असतात, ज्याचा त्याचा दट्ट्या ज्यात त्यात बसवायचा. इटलीतल्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत आपली पहिली बालशाळा काढली, तिथली एक तीन वर्षांची मुलगी हेच करत होती. माँटेसरींनी बाकीच्या मुलांना गाणं म्हणायला लावलं, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी ती थांबेना. चाळीसहून जास्त वेळा तिनं तेच केलं. बालशिक्षणात काम करणाऱ्यांना ही गोष्ट पाठ असते. मलाही होती. आणि माझ्या खोलीत तशीच एक मुलगी बसली होती. मला किती अभिमान वाटायचा तिचा!

जानेवारीत एकदा मावशींच्या हातून खिचडीच्या पातेल्यावरचं पितळी झाकण पडलं. शहाबादी फरशी, भिंती बोडक्या; तो आवाज दातांत शिरला. सतरा पोरांच्या माना एकदम वळल्या, एक जण रडायला लागला. तिची पाठ आमच्याकडं होती. बोटांत धरलेला दट्ट्या तिनं भोकावर ठेवला, जरासा फिरवला, आत सोडला आणि पुढचा उचलला.

मावशी झाकण उचलायचं सोडून तिच्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "बाई, ह्या पोरीला ऐकू येत न्हाई."

मी म्हणाले, "मावशी, ती तल्लीन झालीय. मुलं अशी होतात." वर त्यांना रोममधल्या मुलीची गोष्टही सांगितली. त्यांनी ती सगळी ऐकून घेतली. त्या चौथी पास, मी शिकलेली. पुन्हा त्या काही बोलल्या नाहीत.

तिची आई मला तीनदा विचारून गेली. दिवाळीआधी, संक्रांतीला, आणि एप्रिलमध्ये शेवटच्या दिवशी. "बाई, ही बोलायची कधी?" तिन्ही वेळा मी एकच सांगितलं: प्रत्येक मूल आपल्या वेळेनं फुलतं, मागं लागू नका. तिसऱ्या वेळी ती चाचरत म्हणाली की जाऊबाई डॉक्टरला दाखव म्हणत्यात. मी म्हणाले, "डॉक्टरकडं न्यायला तिला झालंय काय?" माझा आवाज कसा होता तेही मला आठवतं. जरा रागावलेला होता.

पुढच्या दिवाळीत मुलगी आजोळी गेली. मामानं पाठीमागून हाका मारून बघितल्या आणि तिला थेट कानाच्या डॉक्टरकडं नेलं.

सुट्टी संपल्यावर तिची आई आली तेव्हा मी शाडू भिजवत होते, कोपरापर्यंत हात मातीत. तिनं तपासणीचा कागद पुढं केला. मला तो घेता येईना. मग मी वाचेपर्यंत तिनंच धरून ठेवला. दोन रेषा, उजव्या कानाची गोलांची, डाव्या कानाची फुल्यांची, दोन्ही खाली खाली उतरत गेलेल्या. ती रडली नाही, आवाज चढवला नाही. म्हणाली, "तुम्ही म्हणालासा म्हणून थांबलो, बाई." कागदाची घडी घातली आणि मुलीची चप्पल शोधायला लागली.

मुलगी तेव्हा चार वर्षं दोन महिन्यांची होती. कानावर पडलेली भाषा ज्या वयात मुरत जाते, त्यातले सतरा महिने माझ्या खोलीत गेले.

रांगेत बसवून 'ए फॉर ॲपल' म्हणवून घेणाऱ्या वर्गात ती पहिल्या आठवड्यात सापडली असती. हे वाक्य लिहायला मला आठ वर्षं लागली. माझ्याकडं कुणी तिला काही म्हणायलाच लावलं नाही. बघून बघून करता येईल असंच सगळं होतं, आणि बघण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

मग मी स्वतःशी भांडते. सापडली असती म्हणजे काय झालं असतं? 'ढ' म्हणून शेवटच्या बाकावर गेली असती, त्या बोटांवरही वळ उठले असते. तसल्या वर्गात मी चार वर्षं उभी होते, मला माहीत आहे. पण तिथल्या एखाद्या बाईंनी वैतागून का होईना, आईला बोलावून सांगितलं असतं की हिचं काहीतरी बघा. निदान थांबा तरी कुणी म्हटलं नसतं. अंगणवाडीत सरकारी तपासणी पथक वर्षातून दोनदा जातं, माझ्यासारख्या खासगी बालवाडीत येत नाही, हेही मी बरेच दिवस स्वतःला सांगून बघितलं. पथक नव्हतं, पण मावशी होत्या.

२००३ची मी मला अजून भेटते. ती म्हणते, तू ढकललं तर नाहीस ना? मी तिला म्हणते, त्या मुलाचा वळ तुला दिसला, म्हणून नोकरी सोडता आली. हा मला दिसला नाही, मामाला दाखवावा लागला. मी मुलीकडं बघत होते, की मला पाठ असलेल्या गोष्टीकडं? यावर तिच्याकडं उत्तर नाही. माझ्याकडंही नाही.

आता दर महिन्याला मी प्रत्येक मुलाच्या मागं उभी राहून हळू आवाजात हाक मारते आणि वहीत टिपून ठेवते. दोन वर्षं उलटून गेलेल्या मुलानं 'पपा ये', 'पानी दे' असे दोन शब्द जोडायला हवेत. तसं नसेल तर कान तपासून आणा, असं पहिल्याच दिवशी सांगते. पालक दुखावतात. दोघांनी मुलं काढून नेली. पण चाररेघी वही मी आणली नाही. वही आणली असती म्हणून तिला ऐकू आलं नसतं. "एवढं होऊनसुद्धा" विचारणाऱ्यांना मला एवढंच सांगता येतं, आणि ते पुरत नाही हे मला कळतं.

ती आता बारा वर्षांची आहे. दोन्ही कानांना मशीन, 'स' आणि 'श' अजून निसटतात. आईनं तिला पहिलीत जाईपर्यंत माझ्याकडंच ठेवलं होतं. शेवटच्या वर्षी एकदा मी मागून हाक मारली. "आलो," म्हणाली. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तिथंच उभी राहिले.

२०२२च्या जूनमध्ये तिची आई धाकट्याला घेऊन आली. परत माझ्याकडंच का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. फॉर्मबरोबर तिनं एक कागद दिला: मुलाच्या दोन्ही कानांची तपासणी, नॉर्मल. झेरॉक्स होती. "ओरिजनल माझ्याजवळ ठेवलीया," म्हणाली. मग चप्पल घालता घालता तिनंही विचारलं, "लिवायला कधी बसवणार?"

मी मनगटाचं सांगितलं, शाडूचं सांगितलं. तिनं मधे न बोलता ऐकलं.

"बरं. पर आता मी दर म्हैन्याला येऊन विचारणार."

दोन वर्षं, दर एक तारखेला ती आली.