घंटेचं लिंब नेमकं कुठं होतं?

आमच्या शाळेच्या महोत्सव समितीचा फोन आला तेव्हा मी एका बांधावर उभा होतो. "मेळाव्यात पाच मिनिटं बोलायचंय तुला. विषय कुठलाही घे," आमच्याच बॅचचा दोस्त सांगत होता. मी गप्प. "अरे, ऐकतोयस ना?" ऐकत होतोच. शेवटी म्हणालो, "बोलत नाही, लिहून देतो." तो खो खो हसला. "घुम्या तो घुम्याच राहिलास की रे!"

राहिलो खरा. हे नाव मला याच शाळेत पडलं. त्या काळी कुणी हाक मारली की कानशिलं तापायची. आता ऐकलं की कुणीतरी जुनं भेटलं असं वाटतं.

आठवीतली 1 ऑगस्टची गोष्ट. लोकमान्यांची पुण्यतिथी, अण्णाभाऊंची जयंती, म्हणजे भाषणं आलीच. आमच्या अण्णांची फार इच्छा, की पोरानं एकदा तरी स्टेजवर उभं राहावं. त्यांनी मास्तर व्हायचं ठरवलं होतं, ते जमलं नव्हतं. आता मी डी. एड. करायचं हे माझ्या जन्माआधीच ठरलं होतं म्हणा ना. भाषण एका नातेवाइकानं लिहून दिलेलं. पंधरा दिवस गोठ्यात म्हशीपुढं म्हणून पाठ केलं. म्हैस चांगली श्रोती होती. प्रत्यक्षात "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजन वर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो" इथपर्यंत गाडी गेली आणि थांबली. पुढचं सगळं पुसलं गेलं. समोर मागच्या रांगेत अण्णा, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. बाईंनी हलकेच हाताला धरून खाली आणलं. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या फळ्यावर खडूनं मोठ्या अक्षरात 'घुम्या' लिहिलेलं होतं.

घरी अण्णा काही बोलले नाहीत. घुमेपणा माझ्यात कुठून आला हे त्या रात्री कळायला हवं होतं, पण तेवढी अक्कल नव्हती.

त्यानंतर दोन वर्षं माझ्यावर बरेच उपचार झाले. परिपाठाला सुविचार वाचायला उभं करणं, नाटकात शिपायाचं काम देणं, कुणी आलं की "बोल की रे, तोंडात काय मूग धरलेत?" म्हणून डिवचणं. सगळ्यांचा हेतू चांगलाच होता. पण त्या काळात शाळेची एक समजूत होती, अजूनही असावी, की बोलका मुलगा तो हुशार आणि गप्प बसणारा एक तर ढ, नाही तर आतल्या गाठीचा. मी तिसरंच काही असू शकतो हे मलाही माहीत नव्हतं.

ते आधी दिसलं चित्रकलेच्या सरांना. एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी चालली होती. स्मरणचित्राला 'बाजार' हा विषय दिला. माझ्या चित्रातली माणसं म्हणजे उभे केलेले ओंडके. सरांनी कागद लांब धरला, मग जवळ आणला. "माणसांत जीव नाही रे तुझ्या," म्हणाले. मी मान खाली घातली. "पण अंतरं बघ. बाजार असाच भरतो. कासाराचं पाल पिंपळापासून एवढंच लांब असतं. तू मोजून आलास काय?" मोजलं नव्हतं. डोळ्यांत राहिलं होतं. परीक्षेत सी ग्रेड आली. कर्तव्य भूमितीनं तारलं, नाही तर तीही नव्हती. पण "अंतरं बघ" हे दोन शब्द मी घरी घेऊन गेलो. आपल्याकडं काहीतरी आहे असं कुणी पहिल्यांदाच सांगितलं होतं, तेही कौतुकाच्या सुरात नाही, तर तक्रार करता करता.

सरांनी ही गोष्ट भूगोलाच्या सरांच्या कानावर घातली असणार. कारण नववीच्या दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी मला बोलावून एक काम दिलं. "जुन्या गावाचा नकाशा काढ."

आपल्या इंदापूर तालुक्यात भीमेकाठच्या माणसाला 'जुनं गाव' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. एकशेसतरा टीएमसीचं पाणी. त्याच्या पोटात नदीकाठची गावं गेली, पळसदेवचं जुनं देऊळ गेलं, तसं आमचंही गाव गेलं. गाव उठलं तेव्हा मी सहा-सात वर्षांचा. नवीन गावठाणात रस्ते सरळ, प्लॉट सारखे, घरं ओळीनं. म्हातारी माणसं संध्याकाळी ओट्यावर बसायची आणि पाण्याकडं तोंड करून जुन्या गावाच्या गोष्टी बोलायची. बोलणारे पुष्कळ. मला ऐकणं आवडायचं, म्हणून मी जवळ बसायचो. मी काही विचारत नसे. त्यामुळं मी तिथं आहे हेच ते विसरून जायचे.

नकाशा काढायचा म्हणजे मापं पाहिजेत आणि गाव तर पाण्याखाली. मग मी लोकांच्या तोंडची मापं गोळा करायला लागलो. 'दोन गाड्या घसपटत जातील एवढी बोळ'. 'वेशीत उभं राहून हाक मारली तर चावडीत ऐकू यायची'. 'आमच्या परड्यातून दगड मारला की तालमीच्या पत्र्यावर पडायचा'. यांचे मीटर करायला महिना गेला. शाळेच्या मैदानावर मित्राला लांब उभं करून हाका मारायला लावल्या. खरी बैलगाडी टेपनं मोजली. भूगोलाच्या सरांनी एवढंच शिकवलं, की सगळं कागदावर आणताना प्रमाण एकच ठेवायचं: 1 सेंटिमीटरला 5 मीटर. कार्डशीट चिकटवून चिकटवून सतरंजीएवढी झाली.

एका ठिकाणी घोटाळा झाला. मारुतीच्या देवळापासून नदीचा घाट किती लांब? एक जुने पंच होते, आवाज असा की शेजारच्या वाडीत ऐकू जाईल. ते म्हणाले, "शंभर फूट! त्याच्यावर एक इंच न्हाय. मी सोता देऊळ बांधताना हुतो." त्याच बैठकीत मागं बसलेली एक म्हातारी पुटपुटली, "भरली घागर घिऊन माजी शंभरावर धा पावलं व्हायची." पंच म्हणाले, "तू गप ए." ती गप्प झाली. मीही शंभर फूट लिहिलं.

नकाशा गॅदरिंगला हॉलमध्ये लावला. लोक त्याच्यापुढून हलेनात. बायका आपापल्या घरावर बोट ठेवून उभ्या राहायच्या. एकीनं सांगितलं, इथं उंबऱ्यापाशी तुळस होती, ती काढ. मी तिथल्या तिथं हिरवा ठिपका दिला. अण्णा आले, आमच्या घरापाशी थांबले. टोपी काढली, परत घातली, आणि गेले. त्या दिवशी मला एकाही माणसापुढं तोंड उघडावं लागलं नाही.

पुढं मी आयटीआयला सर्व्हेअरचा ट्रेड घेतला (डी. एड. चा विषय अण्णांनी स्वतःहून मिटवला). तिथं असताना एका उन्हाळ्यात धरण फार खाली गेलं. आपल्याकडं 'उजनी मायनसमध्ये गेली' म्हणतात, त्यातलं. गाळातून भिंतींचे पाये वर आले. देवळाचा चौथरा दिसला, घाटाच्या पायऱ्या दिसल्या. मी टेप घेऊन गेलो. चौथऱ्यापासून पायरीपर्यंत एकशे नव्वद फूट भरले. शंभर नव्हे. तिथंच उभ्या उभ्या हिशेब केला: एकशेदहा पावलं, पावलाला पावणेदोन फूट. डोक्यावर भरली घागर असली की पाऊल तेवढंच पडतं. म्हातारीचं माप अचूक होतं. माझ्या नकाशात साडेपाच सेंटिमीटरची चूक, आणि तिचं कारण एकच, की ज्याचा आवाज मोठा त्याचं मी खरं धरलं. मीच, ज्याला आवाज नसल्याबद्दल एवढं ऐकून घ्यावं लागलं होतं!

ती म्हातारी तोवर गेली होती.

हे एवढं डोळ्यांनी बघूनही नोकरीला लागल्यावर मी ते विसरलो, हे कबूल करायला पाहिजे. मोजणीवाल्याची नोकरी. गावात गेलं की दोन्हीकडचे पाहुणेरावळे, काठ्या, आरडाओरडा. एका वरिष्ठांनी सल्ला दिला, "आवाज चढवायला शिका, नाही तर लोक डोक्यावर बसतील." मी शिकलो. वर्षभर त्यांचीच नक्कल केली: डोळे वटारायचे, कागद आपटायचे, "मला कायदा शिकवू नका" म्हणायचं. एकदा एका म्हाताऱ्या बाईवर असाच खेकसलो. ती बांधावरून उतरून लांब जाऊन बसली, पदर तोंडाला लावून. मला घागरीची पावलं आठवली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. ते सोंग मी सोडलं ते तेव्हापासून.

मोजणी कशी होते हे पुष्कळ शेतकऱ्यांनाही नीट माहीत नसतं. आधी आज कुणाची वहिवाट कुठवर आहे ते मोजून कागदावर घ्यायचं. मग जुन्या अभिलेखातली हद्द त्यावर बसवायची. बसवायची म्हणजे दोन्हींत समान अशा पक्क्या खुणा पाहिजेत, जुना दगड, न हललेला बांध, विहीर. आपल्या भागातली जुनी टिपणं, म्हणजे मोजणीच्या वेळी लिहून ठेवलेली मापं, शंकू साखळीच्या मापात आहेत. साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. साखळी बाय साखळी म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीची नवी पद्धत सुरू केली ती याच इंदापूर तालुक्यात, 1835 च्या सुमाराला. आपल्या शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं, सांगायला पाहिजे. आता साखळी गेली, तिपाईवरचा फलकही मागं पडला, उपग्रहावरून जागा सांगणारे रोव्हर आले. मशीन आजचा बिंदू बोटाच्या पेरापर्यंत अचूक देतं. पण पन्नास वर्षांपूर्वी दगड कुठं होता ते त्याला कुठून कळणार? ते माणसालाच विचारावं लागतं.

आणि विचारून सांगत नाहीत! विचारलं की प्रत्येक जण आपल्या सोयीचा दगड सांगतो. म्हणून मी विचारत नाही. गेल्या गेल्या बाभळीखाली बसतो. दोन्ही भाऊबंदांना भांडू देतो. पहिला तासभर जे बोलतात ते वकिलानं शिकवलेलं असतं. ते संपलं की दोघंही माझ्याकडं बघतात, साहेब काहीतरी बोलतील म्हणून. साहेब बोलत नाहीत. मग मात्र लोकांना ती शांतता सोसत नाही आणि खरं काय ते हळूहळू बाहेर पडायला लागतं. मी तोवर कडेला कोण उभं आहे ते बघून ठेवलेलं असतं. एकदा एक जुना सालगडी असाच लांब उभा होता. सगळे एका जागेवर खणायचा आग्रह धरत होते. तो सारखा तिसरीकडंच बघत होता. जवळ जाऊन नुसता उभा राहिलो. बऱ्याच वेळानं म्हणाला, "तिथं बोर हुती. दगुड बोरीच्या मुळाशी हाय." दोन फुटांवर लागला. टिपणाशी जुळलासुद्धा. जुळणं महत्त्वाचं, कारण रात्रीत दगड सरकवणारे महाभागही या तालुक्यात कमी नाहीत. दर वेळी असं होतं असंही नाही. कित्येकदा खणून खणून हाती काही लागत नाही, आणि माझ्या गप्प बसण्याला कंटाळून दोन्ही पक्ष एकत्र येऊन माझ्याविरुद्ध अर्ज देतात. तेवढ्यापुरती तरी भावकी एक होते.

घुमेपणाचे गोडवे गातोय असं वाटेल, म्हणून दुसरी बाजूही लिहितो. चित्रकलेच्या सरांना "तुमच्या त्या दोन शब्दांवर माझं पोट चालतं" हे मी कधी सांगितलं नाही. निवृत्तीनंतर ते बाजारात दोन-तीनदा भेटले. नमस्कार केला, त्यांनी तब्येत विचारली, मी "बरंय" म्हणालो. त्यांच्या शोकसभेतही मागच्या रांगेत बसून परत आलो. अण्णांच्या बाबतीत तर विचारूच नका. आम्ही दोघं एका घरात तीस वर्षं राहिलो आणि बोललेली वाक्यं मोजता येतील. माझी मुलगी मात्र आज्जीवर गेली आहे, बडबडी. वकिलीला आहे. तिला कुणी "जरा गप बस" म्हटलं की मी मध्ये पडतो.

तो नकाशा आता नाही. शाळेची कौलारू इमारत पाडली तेव्हा सामानात गेला असावा. वाळवीनंही खाल्ला असेल. त्यामुळं महोत्सवासाठी भाषणाच्या बदल्यात मी समितीला दुसरं काहीतरी कबूल केलंय. जुन्या शाळेचा नकाशा. पाये मोजून झालेत, विहीर जागेवर आहे, ध्वजस्तंभाचा कट्टा सापडला. अडलंय एका ठिकाणी. घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेलं ते कडुलिंबाचं झाड, घंटेचं लिंब. माझ्या डोळ्यांत ते विहिरीच्या पूर्वेला आहे. समितीतले दोघे छातीठोकपणे पश्चिमेला सांगतात. शाळेच्या शिपाईमामांच्या घरी गेलो होतो, ते फक्त हसले आणि म्हणाले, "सकाळची पहिली घंटा देताना ऊन डोळ्यांत यायचं." तेवढं लिहून घेतलंय.

ज्यांना आठवत असेल त्यांनी मेळाव्याच्या दिवशी मला गाठावं. फाटकाजवळ टेबल टाकून बसतो. कागद अंथरलेला असेल, पेन्सिल टोक करून ठेवतो. पावलं, हाका, दगड, सावली, कुठल्याही मापात सांगितलं तरी चालेल.