सोबतीला

"तू मला गाइड करशील ना?" मास्तरणीनं फोनवर विचारलं आणि मला हसूच आलं. गाइड म्हटलं की मला दहावीचं गाइड आठवतं, आणि ते तर हिनं जन्मात वापरलं नाही. (खरं नाव लिहीत नाही. कॉलेजात दुसऱ्यांच्या जर्नलमधल्या वेलांट्या सुधारत बसायची म्हणून मास्तरीण. आता जर्मनीत ड्युसेलडॉर्फला ऑडिटमध्ये आहे, म्हणजे धंदा तोच.) हे लिहायला तिची परवानगी आहे. मसुदा वाचून तिनं सात ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून पाठवलेत.

तिला ट्रफल घ्यायचे होते. चॉकलेटवाले नव्हेत. काही जातींच्या अळंबीला जमिनीखाली गाठी धरतात, त्यांत सिलोसायबिन हे भास घडवणारं द्रव्य असतं. नेदरलँड्सनं १ डिसेंबर २००८ पासून असल्या अळंबीवर बंदी घातली. आदल्या वर्षी एका फ्रेंच मुलीनं अळंबी खाऊन अ‍ॅमस्टरडॅममध्ये उडी मारली होती, ती त्यात गेली, आणि त्यावरून इथे बराच गदारोळ झाला होता. बंदीच्या यादीत अळंबीच्या जातींची नावं आली, गाठी तेवढ्या राहून गेल्या. त्यामुळे आजही इथे अठरा पूर्ण झालेल्या माणसाला त्या दुकानात मिळतात. फेनलोच्या पलीकडे, म्हणजे जर्मनीत, तेच पाकीट जवळ सापडलं तर गुन्हा. भारतात तर १९८५ चा एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा आहेच. म्हणून ती रेल्वेनं आइंडहोवनला माझ्याकडे येणार होती.

तिचे बाबा मे २०२१ मध्ये सांगलीत गेले. हृदयविकारानं, पण दिवस करोनाचे. तिला पोचता आलं नाही. चुलतभावानं अंत्यदर्शनासाठी व्हिडिओ कॉल लावला आणि चित्र मध्येच अडकलं. त्या अडकलेल्या चित्राकडे ती अकरा मिनिटं बघत बसली होती. कॉल किती वेळ चालला ते तिनं नंतर फोनमध्ये तपासलं, ऑडिटरच ती. तेव्हापासून तिला रडू आलेलं नव्हतं. डॉक्टरांनी आठ महिने गोळ्या दिल्या, त्या त्यांच्याच सल्ल्यानं कमी करत बंद झाल्या, समुपदेशनही झालं. "मला बरं-बिरं व्हायचं नाही गं, त्या दिवसाकडे एकदा नीट बघायचंय," असं म्हणाली. मी सांगितलं, हे हॉटेलात ऑर्डर दिल्यासारखं नसतं. मागशील ते येईलच असं नाही.

मी स्वतः एकदा घेतलंय, २०१८ मध्ये, समुद्राकाठच्या एका भाड्याच्या घरात. तेव्हा ओळखीच्या ओळखीतून एक गृहस्थ पैसे घेऊन 'मार्गदर्शक' म्हणून बसले होते. भला माणूस, पण गप्प बसेना. श्वास घे, सोडून दे, आता तिला प्रश्न विचार (तिला म्हणजे अळंबीला). मध्येच त्यांनी पितळी वाटी काढून माझ्या कानापाशी घुमवली. मला चार तास भांड्यांच्या दुकानात अडकल्यासारखं वाटत होतं. शेवटी मीच त्यांना बरं वाटावं म्हणून 'हो, छान वाटतंय' म्हणत राहिले. म्हणजे कुणी कुणाला सांभाळलं, हा प्रश्नच आहे.

त्यामुळे मास्तरणीला म्हटलं, गाइड नको, सोबतीला बसते.

माझं लहानपण मिरजेचं. शेजारच्या काकूंचे यजमान रेल्वेत गार्ड होते. त्यांची रात्रीची गाडी असली की मला वाकळ घेऊन काकूंकडे 'सोबतीला' झोपायला पाठवायचे. मी चौथीत. चोर आलाच असता तर मी काय करणार होते? नऊला मी ढाराढूर झोपलेली असायचे. तरी सकाळी काकू आईला सांगायच्या, "हिची सोबत होती म्हणून डोळा लागला बाई."

सोबतीला बसायचं तरी आधी चौकशी हवीच. हृदय, रक्तदाब, चालू गोळ्या, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर होतं का. असेल तर विषय तिथेच संपवायचा, कारण आत दबलेला आजार यानं वर येऊ शकतो. मास्तरीण लगेच म्हणाली, छे, आमच्यात कुणी नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "अगं, आईचे एक काका होते. तिशीत घर सोडून गेले. संन्यास घेतला असं सांगतात."

आपल्याकडे हे असंच असतं. घरात वेडा कुणी नसतो. जरा वेगळा असतो, तापट असतो, देवाचं फार करणारा असतो. मी म्हटलं, आईला नीट विचार. आई महिनाभर टोलवत राहिल्या. मग एका मावशीकडून कळलं की काका आळंदीला होते, एका धर्मशाळेचा हिशेब त्यांनी वीस-बावीस वर्षं पैन् पै ठेवला आणि घरी नियमित कार्ड पाठवत. मास्तरणीला हिशेबाचं ऐकून हायसं वाटलं. तरी तिनं सगळं तिकडच्या डॉक्टरांसमोर मांडलं, हृदयाचा आलेख काढून घेतला. डॉक्टर म्हणाले, मी हे घ्या म्हणणार नाही, पण न घेण्याचं कारणही मला सापडत नाही. या सगळ्यात पाच महिने गेले. बरंच झालं. पाच महिन्यांनीही माणसाला करावंसं वाटतंय, तर ती लहर नव्हे.

शुक्रवारी रात्री जेवताना मी तिला एक आकडा सांगितला, कारण आकडे तिला कळतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांनी ३६ निरोगी माणसांना सिलोसायबिन देऊन केलेला अभ्यास २००६ मध्ये छापून आला. त्यात दोन-तृतीयांश लोकांनी तो अनुभव आयुष्यातल्या पहिल्या पाच अर्थपूर्ण गोष्टींत धरला. हे सगळे सांगतात. त्याच ३६ पैकी ११ जणांना मध्ये कधीतरी जबर भीती वाटली होती, हे कुणी सांगत नाही. आणि तिथे प्रत्येकाजवळ दिवसभर शिकलेली माणसं बसलेली. "म्हणजे तिसरा हिस्सा," ती म्हणाली आणि भात कालवत राहिली.

शनिवारी नवऱ्याला आणि लेकाला एफ्टेलिंग या करमणूक-बागेतल्या पाळण्यांवर पाठवून दिलं. पडदे अर्धे ओढले. काचेचं टेबल हलवलं, सुऱ्या वरच्या फळीवर ठेवल्या, बाल्कनीचं दार लावून किल्ली माझ्या खिशात घातली. हे करताना आमच्या गल्लीतलं नवरात्र आठवत होतं. एका आजींच्या अंगात यायचं, तेव्हा बाकीच्या बायका उपदेश करत नसत. एक जण मागून कमरेला धरायची आणि दुसरी समई बाजूला सरकवायची. मला वाटतं, सगळी विद्या त्या समई सरकवण्यात आहे.

शेवटी एक कागद दिला आणि तिच्याच हातानं लिहून घेतलं: 'मी ट्रफल खाल्लेत. हे मीच ठरवलंय. संध्याकाळपर्यंत उतरेल.'

पाकिटावर सांगितलेल्यातलं सगळ्यात कमी प्रमाण घेतलं. बारीक चिरून, आल्याच्या कोमट पाण्यात, लिंबू पिळून. चव कच्च्या अक्रोडासारखी, मागून आंबूस. "कुत्र्याची छत्री खायला एवढ्या लांब आले," म्हणत तिनं कप रिकामा केला. घड्याळात सव्वाअकरा. मी काहीच घेतलं नाही, आदल्या रात्री वाइनसुद्धा नाही. मेक्सिकोतल्या माझातेक लोकांत वैदूबाई रुग्णाबरोबर स्वतःही अळंबी खाते आणि रात्रभर मंत्र म्हणत जागते. मारिया साबिना नावाच्या अशाच एका वैदूबाईंची ती रीत १९५७ मध्ये 'लाइफ' मासिकात छापून आली आणि जगभरचे हौशे-नवशे त्यांच्या डोंगरातल्या गावात जाऊन थडकले. त्याचा त्यांना पुढे फार ताप झाला. बरोबर अळंबी खाणं हा त्यांचा अधिकार होता. माझा अधिकार वाकळ घेऊन झोपायला जाण्याइतकाच.

पाऊण तास नुसत्या जांभया. मग थंडी वाजते म्हणाली. मी वाकळ अंगावर घातली, आजीनं शिवलेली, तीच. तिनं तोंडावर घेतली आणि टाके बघायला लागली. किती वेळ? मला वाटतं चाळीसएक मिनिटं. निळ्या इरकलीच्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "ही बाई इथे थकली होती. टाके मोठे झालेत बघ." मी नंतर पाहिलं. खरंच मोठे आहेत. तीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं होतं. शब्द नकोत म्हणून अभंग मुद्दाम टाळले होते. एखादी ओळ अडकली की दिवसभर तीच. थोड्या वेळानं तिनं तेही बंद करायला लावलं. पाऊस होताच.

एकच्या सुमाराला दारावरची बेल वाजली. इथे शेजारी घरी नसले की त्यांचं पार्सल आपल्याकडे देतात, त्यातलं एक. मी दोन मिनिटांत परत आले, पण तेवढ्यात ती उठून बसली होती, बुबुळं एवढाली. "कोण आलंय?" पार्सल आहे म्हटलं तर पटेना. "कुणीतरी आलंय. माझं हृदय बंद पडतंय. मी आता अशीच राहणार."

माझ्या पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू. ११२ लावावा का, हे मनात येऊन गेलं. नाडी धरली. अठ्ठ्याऐंशी, नियमित. आल्बर्ट हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञांची गोष्ट आठवली. १९ एप्रिल १९४३ ला बाझेलच्या प्रयोगशाळेत त्यांनी स्वतःच बनवलेलं एलएसडी घेतलं आणि युद्धामुळे मोटार मिळेना म्हणून सायकलवरून घरी निघाले. शेजारीण दूध घेऊन आली, ती त्यांना चेटकीण दिसली. आपण मरतोय अशी खात्रीच झाली होती. डॉक्टरांनी येऊन तपासलं, तर मोठी झालेली बुबुळं सोडून काही सापडेना. त्यांच्याबरोबर सायकल चालवत घरापर्यंत गेलेली सहायिका होती, सूझी रामश्टाइन. या कामात जगातली पहिली सोबतीण मी तिलाच मानते. बिचारीला पुढे काय होणार हे कुणीच सांगितलेलं नव्हतं. मला निदान माहीत होतं की दोन-तीन तासांनी शिखर उतरतं.

समजूत घातली नाही. कागद तिच्या हातात दिला. तिनं तो जवळ-लांब करत वाचला आणि मग मधल्या ओळीवर थांबली. "हा च बाबांचा आहे." 'मीच'मधला च. "त्यांच्या डब्यांवरचा. शेपूट असं खाली येतं बघ." तिच्या बाबांना स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावायची सवय होती.

आणि मग ती रडायला लागली.

इथे माझी चूक झाली. मी सवयीनं म्हटलं, "रडू नकोस गं." तीन वर्षं जे यावं म्हणून ही बाई थांबली होती, ते आल्यावर मी म्हणते रडू नकोस! तिनं माझ्याकडे अशी काही नजर टाकली की मी जीभ चावली आणि पुढचे दोन तास हात सोडून काही दिलं नाही. टिपं गाळणं वगैरे नव्हे ते. नाक, शेंबूड, उचक्या, वाकळीचा एक कोपरा चिंब. माझा खांदा अवघडला, मुंग्या आल्या, बाथरूमला जायचं होतं. सोबत करणाऱ्याच्या मूत्राशयाबद्दल कुणी लिहीत नाही.

चारनंतर ती हळूहळू खिडकीकडे बघायला लागली. पाचला म्हणाली, भूक लागलीय. वरणभात, तूप, लिंबू. दोनदा वाढून घेतलं. "तू दिवसभर काय केलंस?" म्हणून विचारलं. बसले होते, म्हटलं. सहाला पुन्हा बेल वाजली, तर वाकळ पांघरून तीच दार उघडायला गेली आणि शेजारणीच्या हातात पार्सल देऊन आली.

उरलेलं पाकीट मी तिच्यासमोर कचऱ्यात टाकलं. एकटीनं आणि सीमेपलीकडे, दोन्ही नको.

पुढचे चार दिवस तिचे वाईट गेले. ऑफिसात भावनांची सालं काढल्यासारखं वाटतंय म्हणायची. मी रोज रात्री फोन करत होते. समुपदेशक बाईंकडे तिनं पुढच्याच आठवड्याची वेळ आधीच घेऊन ठेवली होती, त्याचा उपयोग झाला. झोप अजून म्हणावी तशी नाही. गुण आला का, असं नवरा विचारत होता. मी म्हटलं, तिलाच विचार. त्यानं विचारलं नाही.

दिवाळीत ती सांगलीला गेली. पाडव्याच्या दिवशी मला फोटो आला: स्टीलचा डबा, त्यावर पिवळी पडलेली चिठ्ठी, 'चणाडाळ'. शेजारी तो आमचा कागद धरलेला. खाली एवढंच, "बघ."

मी फोटो मोठा करून दोन्ही च पाहिले. मला तर ते अजिबात सारखे दिसेनात. बाबांच्या च ला शेपूटच नाही.

"हो गं," एवढंच लिहून पाठवलं.