ओत्रांतो: आधी खाली बघा

बुटाच्या आकाराच्या इटलीच्या टाचेवरचं ओत्रांतो हे गाव उन्हाळ्यात माणसांनी फुलून जातं. मी गेले ती सप्टेंबर सरताना, लांब मुक्कामाच्या तयारीनेच. ऑफिसचं काम लॅपटॉपवर, खोली तटबंदीच्या आत. दुपारी दुकानांना कुलपं, त्यामुळे हिंडायचं ते सकाळी नाहीतर उन्हं कलल्यावर.

समुद्र निळाशार आहेच. पण मी अडकले ती कॅथेड्रलच्या जमिनीत. पांतालेओने नावाच्या धर्मगुरूच्या देखरेखीखाली ११६३ ते ११६५ या काळात इथे मोझेइक, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेलं चित्र, घातलं गेलं, जवळजवळ अख्ख्या चर्चभर. दारातून आत गेलं की दोन हत्ती, आणि त्यांच्या पाठीवरून थेट वेदीच्या दिशेने वाढत गेलेलं एक झाड. फांद्यांमध्ये बायबलमधली नोहाची नौका, बाबेलचा मनोरा, पंखवाल्या प्राण्यांनी आभाळात उचललेला सिकंदर. शिवाय शिंगवाल्या जनावरावर स्वार झालेला ब्रिटनच्या दंतकथांमधला राजा आर्थर! हा इथे कसा, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

माझी आवड मात्र बारा महिन्यांची वर्तुळं. प्रत्येकात त्या महिन्याचं शेतकाम आणि सोबत रास. मेष, वृषभ, मिथुन... आपल्याच राशी, ओळखायला गाइड लागत नाही. द्राक्षं तुडवणारा माणूस तर मी पुन्हा पुन्हा बघून आले. एका भेटीत हे सगळं उरकणारे पर्यटक पाहिले की त्यांची कीव येते.

त्याच इमारतीत, उजव्या हाताच्या प्रार्थनालयात, काचेच्या उंच कपाटांत कवट्या रचून ठेवल्यात. १४८० च्या जुलैअखेर गेदिक अहमद पाशाचं ऑटोमन तुर्कांचं आरमार इथे उतरलं, ऑगस्टमध्ये गाव पडलं, आणि धर्म बदलायला नकार दिला म्हणून सुमारे आठशे पुरुषांचा मिनर्व्हा टेकडीवर शिरच्छेद झाला, असं चर्चची परंपरा सांगते. पोप फ्रान्सिसनी २०१३ मध्ये त्यांना संतपद दिलं. गाव मात्र हल्ल्याच्या पुढच्याच वर्षी, १४८१ मध्ये, तुर्कांकडून परत मिळालं. आजचा बुलंद किल्ला ही त्यानंतरची खबरदारी. कपाटांसमोर फार वेळ थांबवत नाही.

जेवणाची चिंता नको, शाकाहाऱ्यांची इथे चंगळ आहे. फ्रिसेल्ला म्हणजे दोनदा भाजलेला, दगडासारखा कडक पाव. तो क्षणभर पाण्यात बुडवायचा, वर टोमॅटो कुस्करायचा, ऑलिव्ह तेल, मीठ, ओरेगानो. घरमालकीणबाईंनी माझ्या हातातून तो पाण्याबाहेर ओढूनच काढला होता. जास्त भिजला की लगदा होतो म्हणे. बाकला नावाच्या शेंगेच्या सुक्या दाण्यांच्या वाटलेल्या, घट्ट वरणासोबत कडसर पालेभाजी मिळते, तीही घ्याच.

गावाच्या दक्षिणेला बॉक्साइटची बंद पडलेली खाण आहे. लालभडक मातीच्या खड्ड्यात हिरवं पाणी. ती माती बघून कोकणातल्या कुणालाही घरची आठवण येईल. पुढे पुंता पालाशिआ, इटलीच्या मुख्य भूमीचं सगळ्यात पूर्वेचं टोक, दीपगृहासकट. वाटेत सावली नाही, पाणी बरोबर ठेवा. उत्तरेचा त्रामोंताना वारा सुटला की हवा स्वच्छ होते आणि समोर आल्बेनियाचे डोंगर दिसतात. दक्षिणेचा शिरोक्को असेल तर सगळं धूसर, अंगाला चिकचिक. इथली माणसं पोहायचा किनाराही वाऱ्याची दिशा बघूनच ठरवतात.

यायचं तर लेच्चे शहराहून छोट्या रेल्वेने, बहुधा मध्ये माल्येला गाडी बदलून. ऑगस्ट मात्र टाळा.