पंखा चालू, कूलर गायब

मे उजाडला की पत्र्याचं काम करणाऱ्याला ठरलेले फोन येतात. एक तर, पावसाच्या आत शेड उभं करून द्या. नाहीतर, शेड दिलंत ते ठीक, पण दुपारी खाली बसवत नाही, काहीतरी करा. लातूर जिल्ह्यातल्या औशाजवळच्या एका गावातल्या निवृत्त गुरुजींचा फोन मात्र निराळाच होता. "घर गार करायला वर पंखा बसवला, अन् घर जास्तच तापलालंय. येऊन बघून जा."

मुद्दाम दुपारी तीनला गेलो. सकाळी दहाला पत्र्याचं घर बघून काही कळत नसतं.

घर नीटनेटकं होतं. विटांच्या भिंती, छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्या, दोन पाख्यांचा रंगीत पत्रा आणि खाली मुलानं नंतर करून घेतलेलं पीव्हीसीचं सीलिंग. आमच्या भागात स्लॅब परवडत असूनही पत्राच टाकणारी माणसं आहेत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची माळवदं, म्हणजे मातीची सपाट छतं, झोपलेल्या माणसांवर आली. गुरुजींचं जुनं घर त्यातच गेलं. डोक्यावर वजन नको म्हणजे नको, हे त्यांचं तेव्हापासूनचं. ते कोण खोडणार? पण माळवदावरची हातभर पांढरी माती दुपारचं ऊन खाली पोचू देत नव्हती आणि झरोक्यातून चुलीचा धूर, खोलीतली तापलेली हवा वर निघून जायची. पत्रा आला, वजन गेलं, मातीही गेली. झरोका तरी ठेवता आला असता. तो कुणी ठेवला नाही.

गुरुजींच्या घरात पत्रा आणि सीलिंग यांच्यामध्ये आढ्याखाली माणूस वाकून बसेल एवढी पोकळी होती. उंदीर येतात म्हणून वळचणीच्या सगळ्या फटी सिमेंटनं बुजवलेल्या. मुलगा पुण्याला असतो. त्यानं अमेरिकेतल्या घरांच्या माळ्यांचे व्हिडिओ बघितले आणि त्रिकोणी भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसवून दिला. पंखा चांगला होता, वायरिंगही साफ. दिवसभर गरगरत होता.

काकूंनी पाणी दिलं आणि गुरुजी आत गेल्याचं बघून म्हणाल्या, "दादा, वरचा पंखा बंद असला की कूलर बरा लागतो बघा. चालू केला की कूलर हाय का नाही तेच कळत नाही. ह्यांना पटत नाही." खरं तर निदान तिथेच झालं होतं. मी फक्त पुरावा शोधायला वर चढलो.

सीलिंगच्या दोन पट्ट्या काढून डोकं आत घातलं. तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ आली. तापमान मोजायची बंदूक सोबत होती. ही बंदूक कोऱ्या, चकचकीत पत्र्यावर धरली की खोटं, कमी तापमान दाखवते. म्हणून मी काळी टेप चिकटवतो, ती तापू देतो आणि तिच्यावर नेम धरतो. पत्रा ६३ अंश. खालून सीलिंग ४६. बाहेर सावलीत ४१ होतं.

मग टॉर्च फिरवला. सीलिंगच्या पाठीवर धुळीचा थर होता, पण एलईडीच्या प्रत्येक गोल दिव्याभोवती वीतभर जागा पुसल्यासारखी स्वच्छ. दिव्यांसाठी भोकं पाडणाऱ्यानं ती सैल पाडली होती. एका भोकावर मनगट धरलं, तर खालून गार, ओलसर हवा आणि तिला वाळ्याचा वास! कूलरचा वाळा, पत्र्याखाली.

खाली उतरून काकूंकडून उदबत्ती मागितली. पंखा चालू असताना ती दिव्याजवळ धरली, तर धूर सरळ रेघ धरून फटीत शिरला. पंखा बंद केला, तर धूर खोलीभर रेंगाळला. गुरुजींनी स्वतः चालू-बंद करून बघितलं. विज्ञान शिकवलेला माणूस, जास्त सांगावं लागलं नाही. "म्हणजे पंख्याला बाहेरून हवा मिळंना, म्हणून तो आमच्या खोलीतली ओढतोय." अगदी तसंच. हवा आत यायला वाट नसेल, तर पंखा मिळेल तिथून ओढणार; आणि सगळ्यात सोपी वाट होती त्या सैल भोकांची. वीजबिल दोन यंत्रांचं, आणि एकानं केलेलं दुसरं बाहेर फेकतंय.

अमेरिकेत माळ्याला मोकळ्या वाटा किती हव्यात याचा नियम आहे: माळ्याच्या क्षेत्रफळाच्या १५०वा भाग. वाटा खाली-वर नीट वाटलेल्या असल्या, तर काही अटींवर ३००वा भागही चालतो. मी आपला १५०च धरतो, आपल्याकडे ऊन उधार नाही. ६०० चौरस फुटांना ४ चौरस फूट, निम्मं वळचणीला, निम्मं आढ्याला. जाळी लावली की वाट आवळते, म्हणून कापताना दुप्पट कापायचं.

त्याच आठवड्यात पोरं घेऊन गेलो. दोन्ही बाजूंच्या वळचणी फोडून उंदीर शिरणार नाही अशी बारीक जाळी ठोकली. आढ्यावरचा टोपी पत्रा उचलून खाली पट्ट्या दिल्या, दोन्हीकडे फट राहील अशा. "पाणी आलं तर?" हा प्रश्न येणारच होता, टोपी रुंद घेतली आणि तिच्या कडा खाली वळवल्या. दिव्यांभोवती सिलिकॉन भरलं. गरम हवा आपणहून वर जाते आणि तिच्या जागी वळचणीतून बाहेरची येते, त्याला वीज लागत नाही.

पण हवेनं अर्धंच काम होतं, हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. तापलेला पत्रा खालच्या सीलिंगवर उष्णता फेकत राहतो, मधली हवा कितीही खेळती असो. म्हणून पत्र्याखाली बोटभर जागा सोडून चकचकीत फॉइलची शीट ताणली. पत्र्यावर चुना मारला तरी फरक पडतो आणि तो स्वस्त आहे, पण पहिल्या दोन-चार पावसांत धुऊन जातो, दरवर्षी मारायची तयारी हवी.

पुन्हा तशाच दुपारी बंदूक धरली, तर सीलिंग ४० होतं आणि बाहेर ४१. तो पंखा काढून मी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसवून दिला. फोडणी देताना तोच लावायचा, आणि तेव्हा मागचं दार उघडं ठेवायचं, हे काकूंनीच गुरुजींना बजावलं.