नवीकोरी एमओटी, जुनी मोटरहोम आणि स्कॉटलंडचा किनारा

स्कॉटलंडमध्ये टॉर्नाप्रेसच्या फाट्यावर एक मोठा फलक आहे. पुढे बेलाख ना बा हा घाट, उंची ६२६ मीटर, चढ पाचास एक, वर हेअरपिन वळणं. शिकाऊ चालक, फार मोठी वाहनं आणि कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायची घरं) यांनी इकडे येऊ नये. आम्ही गाडी बाजूला घेतली, चहा केला आणि शील्डेगवरून किनाऱ्याच्या लांबच्या रस्त्याने ॲपलक्रॉसला गेलो. तोही रस्ता वरखाली करतच जातो. प्रत्येक उताराला माझ्या मनात एकच गोष्ट येत होती: सहा आठवड्यांपूर्वी याच गाडीचे मागचे ब्रेक पाइप गंजून पातळ झाले होते, आणि कागदावर ती निर्दोष होती.

गाडी म्हणजे मोटरहोम, आत राहायची सोय असलेली, २००४ ची. फियाट डुकाटोच्या सांगाड्यावर बांधलेली, २.८ लिटर डिझेल, ड्रायव्हरच्या डोक्यावर दोघांचा पलंग, लांबी सहा मीटर. फेब्रुवारीत आम्ही ती एका विक्रेत्याकडून घेतली. जेमतेम ५८,००० मैल चाललेली, आणि आठवड्यापूर्वीचं एमओटी प्रमाणपत्र, तेही एकही शेरा नसलेलं. एमओटी म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का याची तपासणी; ब्रिटनमध्ये गाडीला तीन वर्षं झाली की ती दरवर्षी सक्तीची. आपल्याकडे खासगी गाडीची तपासणी पंधरा वर्षांनी नोंदणी वाढवताना होते. त्या सवयीमुळे दरवर्षीचा कागद म्हणजे मोठीच हमी वाटते. मलाही वाटली.

एप्रिलमध्ये कराडहून सासू-सासरे आले. बाबा, म्हणजे सासरे, एसटीच्या आगारात तीस वर्षं मेकॅनिक होते. चहा होताच ते म्हणाले, "पोरी, जुनं पांघरूण आणि टॉर्च दे." अर्धा तास गाडीखाली होते. बाहेर आले ते हात पुसत, आणि पहिलं वाक्य, "हा काळा रंग कधी मारलाय? रंगाखाली काय आहे ते कुणी बघितलंय का?"

गाडीच्या पोटाला ताजा डांबरी लेप होता. बाबांनी ड्रायव्हरच्या बाजूच्या पायरीखाली स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं. पुढे टणटण वाजत होतं, मागे पोकळ, बद्द आवाज. मागच्या ॲक्सलवरून जाणाऱ्या ब्रेक पाइपवर बोट फिरवलं तर पापुद्रे निघाले.

त्या रात्री मी जे केलं ते गाडी घेण्याआधी करायला हवं होतं. सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की गाडीचा एमओटीचा इतिहास फुकट दिसतो, २००५ पासूनचा. पास-नापास, मैल, आणि अ‍ॅडव्हायझरी, म्हणजे "आज नापास करत नाही, पण लक्ष ठेवा" असे शेरे. आमच्या गाडीला सलग चार वर्षं तोच शेरा होता: मागचे ब्रेक पाइप गंजलेले. पाचव्या वर्षी दुसऱ्या गॅरेजात तपासणी झाली आणि शेरा गायब. पाइप बदलल्याची पावती फाइलमध्ये नव्हती. गंज आपोआप बरा होत नाही. जुनी मोटरहोम बघायला जाताना हेच आधी वाचा: कोणता शेरा वर्षानुवर्षं आला, कधी नाहीसा झाला, आणि त्याची पावती आहे का. मैलांचे आकडेही बघा. वर्षाला पाचशे मैल ही विक्रेत्याच्या तोंडी कौतुकाची गोष्ट असते. माझ्या लेखी ती काळजीची. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात. ते पोटाला चिकटलं आणि गाडी मग सहा महिने ओल्या गवतावर उभी राहिली, तर गंज धरतो, ब्रेक चिकटतात, रबर वाळतं.

आम्ही विक्रेत्याशी ओळख नसलेल्या गॅरेजात पुन्हा पूर्ण एमओटी करून घेतली. नापास. चार गोष्टी निघाल्या: ब्रेक पाइप, सीटबेल्टच्या खिळीजवळ गंजलेली पायरी (सीटबेल्ट, सस्पेंशन, स्टीअरिंग किंवा ब्रेक जिथे जोडलेले असतात, तिथून ३० सेंटिमीटरच्या आतला मोठा गंज नापास करतो), हेडलाइटचा नेम खाली, आणि मागच्या ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह जाम. या चौथ्या गोष्टीची नोंद मुद्दाम घ्या. मागे वजन किती आहे त्यानुसार मागच्या चाकांना ब्रेकचा दाब कमीजास्त करणारी एक दांडी असते. ती गंजून रिकाम्या गाडीच्या जागी अडकली, तर पाण्याची टाकी, सायकली आणि सहा माणसांचं सामान भरल्यावरही मागचे ब्रेक रिकाम्या गाडीइतकेच लागतात. चालवताना हे कळत नाही. कळतं ते उतारावर. सगळं मिळून ६४० पौंड गेले. मला ते जड गेले नाहीत.

मग पहिल्या परीक्षकाला हे दिसलं कसं नाही? त्याने लबाडी केली असं मी म्हणणार नाही, मला ते माहीत नाही. पण तपासणीच्या मर्यादा समजून घ्याव्यात. परीक्षकाला काहीही खोलायची परवानगी नाही. जे डोळ्याला दिसतं, हाताला लागतं आणि छोट्या हातोडीने हलकं ठोकून कळतं, तेवढंच. प्लास्टिकच्या झाकणामागचं आणि जाड लेपाखालचं सुटू शकतं. मोटरहोम कितीही वजनाची असली तरी ती साध्या मोटारीच्याच वर्गात, चौथ्या वर्गात मोडते; पण सगळ्या गॅरेजांचा रॅम्प किंवा दार त्या आकाराला पुरत नाही. म्हणून फोन करून लांबी, उंची आणि प्रत्यक्ष वजन सांगा आणि विचारा, "तुमच्याकडे रोज व्हॅन येतात का?" डिलिव्हरीच्या व्हॅन तपासणाऱ्या माणसाला डुकाटोचा कुठला कोपरा सडतो ते पाठ असतं. फी कुठेही जास्तीत जास्त ५४.८५ पौंड. इंजिन, क्लच, गिअरबॉक्सची अवस्था या तपासणीत येतच नाही. ब्रेक ऑइलची पातळी बघतात, त्यात किती पाणी शिरलंय ते नाही. आणि लांब उतारावर ऑइल तापलं की त्याच पाण्याची वाफ होऊन पेडल मऊ पडतं. दर दोन वर्षांनी ऑइल बदला.

टायरबद्दल तर मला ओरडून सांगावंसं वाटतं. एमओटीला नक्षीची खोली १.६ मिलिमीटर लागते. आमच्या टायरची सात होती. टायर पास झाले, दोन्ही वेळा. बाबांनी टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचला: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर अकरा वर्षांचे होते आणि आतल्या बाजूला, जिथे कोणी वाकून बघत नाही, तिथे बारीक भेगांचं जाळं होतं. जुन्या मोटरहोमचे टायर झिजून जात नाहीत, उभ्याउभ्या म्हातारे होतात, आणि लॉरी व बसच्या पुढच्या टायरना असलेली दहा वर्षांची मर्यादा मोटरहोमला लागू नाही. म्हणजे कायद्याने चालतात. आम्ही चारही बदलले आणि सीपी शिक्क्याचे घेतले, जे कायम भरलेल्या मोटरहोमसाठीच बनतात. व्हॉल्व्हसुद्धा नवे घ्या.

घराच्या भागाला एमओटी हातच लावत नाही. गॅसची गळती, रेग्युलेटर आणि रबरी नळीची तारीख, भिंतीतली ओल, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, यासाठी हॅबिटेशन चेक म्हणून वेगळी तपासणी करून घ्यावी लागते. छतावरच्या पलंगाच्या कोपऱ्यात अंगठ्याने दाबून बघा. मऊ लागलं तर पाणी आत शिरलंय.

तपासणीला जाताना इंजिन गरम करून न्या, डिझेलची धूर चाचणी थंड इंजिनावर वाईट जाते. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती जवळ ठेवा, कारण त्या चाचणीत इंजिन जोरात फिरवतात. काचेचं पाणी, वायपर, हॉर्न, नंबर प्लेटचा दिवा घरीच बघा. मागचा सायकल रॅक नंबर झाकत असेल तर काढा. युरोपातून आणलेली डाव्या स्टीअरिंगची गाडी असेल तर हेडलाइट उजवीकडे प्रकाश टाकतात, ती तशीच नेली तर नापास. मुदत संपायला एक महिना उणे एक दिवस उरला की त्यानंतर केव्हाही तपासणी केली तर पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते. दुरुस्ती तिथेच केली तर दहा कामाच्या दिवसांच्या आत मोजक्या भागांची फेरतपासणी फुकट होते. नापास झाल्यावर जुनी मुदत शिल्लक असेल तर गाडी घरी नेता येते, पण यादीत "डेंजरस" हा शब्द असेल तर नाही. त्याला २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. निकाल चुकीचा वाटला तर १४ कामाच्या दिवसांत अपील करता येतं, मात्र त्याआधी दुरुस्ती करायची नाही.

निघण्याआधी गाडी पाणी, सामान, माणसं यांसकट वजनकाट्यावर घातली: ३,४२० किलो. मर्यादा ३,५००. त्यातून दोन लोखंडी कढया आणि अर्धं पाणी कमी केलं.

प्रवासाचं थोडक्यात. आम्ही लेस्टरहून एम६, एम७४, मग पर्थवरून ए९ ने इनव्हर्नेसला गेलो, वाटेत एक मुक्काम. ग्लासगो, एडिनबरा, डंडी आणि ॲबर्डीनच्या मध्यभागात कमी प्रदूषणाचे पट्टे आहेत. युरो ६ या प्रदूषण मानकाच्या खालच्या डिझेल गाडीला आत बंदी, मोटरहोमलाही. २००४ ची गाडी बाहेर ठेवून बसने जा. इनव्हर्नेसहून नॉर्थ कोस्ट ५०० चा ५१६ मैलांचा फेरा आम्ही घड्याळाच्या काट्याच्या दिशेने नऊ दिवसांत केला. एकाच गाडीपुरत्या अरुंद रस्त्यांवर पासिंग प्लेस (दुसऱ्या गाडीला वाट देण्यासाठी ठेवलेली रुंद जागा) म्हणजे मुक्कामाची जागा नव्हे. मागे गाडी दिसली की थांबून पुढे जाऊ द्या, आईंनी तर प्रत्येकाला हात करायचं काम आनंदाने अंगावर घेतलं होतं. लॉकिन्व्हरच्या पुढे ड्रमबेगचा बी८६९ रस्ता मोटरहोमने घेऊ नका, मुख्य रस्त्याने कायलस्कूच्या पुलावर या. उतारावर पाय ब्रेकवर ठेवून बसू नका. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा.

दररोज सकाळी बाबा गाडीभोवती एक फेरी मारत. टायर, खालचे थेंब, दिवे. डरनेसला नंबर प्लेटचा दिवा गेलेला सापडला. सुटे बल्ब जवळ होते.

परतीच्या वाटेवर बेरिडेलचा उतार लागतो. तिथलं जुनं हेअरपिन वळण २०२० मध्ये काढलंय, पण उतार उतारच आहे. चढ संपल्यावर सपाटीवर थांबलो. बाबा उतरले आणि एकेका चाकाजवळ, न टेकवता, तळहात धरून फिरले. एखादं चाक जास्त गरम असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय, एखादं गार असेल तर ते कामच करत नाही. चौथ्या चाकापाशी त्यांनी मला बोलावलं आणि माझाही हात धरून दाखवला. चारही चाकं सारखीच कोमट होती.